घरातलं भांडण, मैदानातली धडधड आणि मनाचा डॉक्टर

मुंबईच्या बाजूला म्हणतात 'ठाण्याला भरती करा', पुण्यात म्हणतात 'येरवड्याला धाडा', विदर्भात 'नागपूरला नेऊन सोडा'. या तिन्ही ठिकाणी आणि रत्नागिरीला सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि आपण त्या गावांच्या नावांची शिवी करून ठेवली आहे. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, त्याच्याकडे गेलेल्या मुलीला स्थळ येत नाही, एवढंच बहुतेक घरांना माहीत असतं. सहा महिने झोप नाही, नवरा-बायकोत धड बोलणं नाही, पोलीस भरतीच्या ग्राउंडवर मुलाचे पाय गळतात, अशा गोष्टींसाठीही सायकॅट्रिस्टकडे जाता येतं असं सांगितलं की बायका तोंडाला पदर लावून हसतात. बाबाकडे मात्र जातात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही जातात. लिंबू उतरवून घेतात, दंडाला काळा दोरा बांधतात आणि विहारात येताना बाही खाली ओढतात.

म्हणून या अंकात दोन सायकॅट्रिस्टांची ओळख करून देते. एक अमेरिकेचे. त्यांनी उदास रोग्यांपासून सुरुवात केली आणि आपलं काम नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत नेलं. दुसरे इंग्लंडचे. ते कडक पहाऱ्यातल्या मनोरुग्णालयातून निघाले आणि ऑलिंपिकच्या सायकल शर्यतीपर्यंत पोचले. दोघांची कामाची रीत बरीचशी सारखी आहे, आणि ती कळायला इंग्रजी शिकावं लागत नाही.

पहिले डॉ. ॲरन बेक. जन्म १९२१ चा, प्रॉव्हिडन्स शहरातला. आईवडील रशियातून अमेरिकेत आलेले ज्यू, वडील छपाईच्या धंद्यात. लहानपणी बेकचा हात मोडला, जखम चिघळली, विष रक्तात पसरलं आणि पोरगा हाती लागतो की नाही अशी वेळ आली. जगला, पण शाळा बुडाली आणि तो वर्गात मागे राहिला. त्याच्या डोक्यात बसलं की आपण मठ्ठ आहोत. पुढे त्यानं अभ्यास करून बरोबरीच्या मुलांना गाठलं आणि मागेही टाकलं. शाळा बुडाली, ही झालेली गोष्ट. 'मी मठ्ठ आहे' हा तिच्यावरून त्या मुलानं स्वतःच काढलेला निकाल. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेक १९४६ साली येल विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि नंतर फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवू लागले. त्या काळी मनाचा उपचार म्हणजे फ्रॉइडची पद्धत. रोगी कोचावर आडवा पडणार, मनात येईल ते बोलणार, डॉक्टर ऐकणार. उदास माणसाच्या आत दडलेला राग असतो आणि तो स्वतःवरच उलटतो, असं पुस्तकात लिहिलेलं. बेकनी ते सिद्ध करायला म्हणून उदास रोग्यांची स्वप्नं तपासली. त्यांत राग फारसा सापडलाच नाही. सापडलं ते हरणं, गमावणं, कुणी झिडकारणं. पुस्तकात लिहिलंय म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत, हे मला त्यांचं फार आवडतं.

त्यांच्याकडे येणारी एक बाई बोलता बोलता अस्वस्थ व्हायची. विषय लाजेचा आहे म्हणून असेल, असं बेकना वाटलं. खोदून विचारल्यावर कळलं की बोलत असताना तिच्या मनात सारखं दुसरंच चालू होतं: डॉक्टरांना माझा कंटाळा येतोय. हा विचार तिनं मुद्दाम केला नव्हता, आपोआप उमटत होता, आणि त्रास त्याचाच होता. अशा विचारांना बेकनी 'आपोआप येणारे विचार' असंच नाव दिलं. त्यांना पकडायचं, कागदावर उतरवायचं आणि पुरावा मागायचा. त्यातून जी उपचारपद्धत उभी राहिली ती आज जगभर चालते. आपल्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागातही ती ठाऊक आहे. उदासी किती खोल आहे हे मोजायला २१ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतात, तो बेकनी १९६१ मध्ये तयार केलेला.

आता घराकडे येऊ. १९८८ साली बेकनी नवरा-बायकोंसाठी पुस्तक लिहिलं. नुसत्या प्रेमानं भागत नाही, असा त्याच्या नावाचा अर्थ. त्यांचं म्हणणं असं की जोडीदार एकमेकांशी जेवढे भांडतात त्याहून जास्त ते समोरच्याच्या मनात काय असेल याच्या स्वतःच्या अंदाजाशी भांडतात.

वॉर्डात रात्रपाळी करताना हे मी जवळून पाहिलं आहे. केसपेपरवर 'चुकून औषध प्यायली' असं लिहिलेलं असायचं. पहाटे बाई नीट शुद्धीवर आली, सासूबाई चहाला बाहेर गेल्या, की ती बोलायची. कुणाच्या घरी मारहाण, कुणाच्या डोक्यावर बचत गटाचं आणि सावकाराचं कर्ज, आणि बऱ्याच जणींच्या तोंडी एक वाक्य असायचं: 'त्यांना मी नकोच आहे.' मी विचारायची, 'असं ते म्हणाले का?' उत्तर यायचं, 'म्हणाले नाहीत सिस्टर, पण मला कळतं ना.'

हे 'मला कळतं ना' बेकनी चांगलंच ओळखलं होतं. समजा, नवरा सिक्युरिटीची बारा तासांची ड्युटी करून येतो, बूट काढतो, भिंतीकडे तोंड करून आडवा होतो. बायकोच्या मनात येतं, माझं तोंडसुद्धा बघायचं नाही याला. ती ताट आपटते. त्याच्या मनात येतं, पगार कमी आणतो म्हणून हिला माझी किंमत नाही. तो उठून नाक्यावर जातो. दोघांपैकी कुणीच मनातलं वाक्य मोठ्यानं बोललेलं नसतं. सुपरवायझरनं आज दोन दिवसांची हजेरी कापली, हे तिला माहीत नसतं. दुपारी मुलाच्या शाळेतून फीसाठी चिठ्ठी आली, हे त्याला माहीत नसतं.

बेक अशा जोडप्याला साधी कामं देत. जे घडलं ते एका बाजूला लिहा आणि त्या वेळी मनात जे आलं ते दुसऱ्या बाजूला. मग त्या विचाराला विचारा: पुरावा काय? याचा दुसरा काही अर्थ निघतो का? मी त्यांना सरळ विचारलं का? आणखी एक. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये न तोडता ऐकायचं आणि 'तुझं म्हणणं मला असं कळलं' म्हणून परत सांगायचं. बरोबर असेल तर मग आपली पाळी. हा तोंडी भाग वाटतो तितका सोपा नाही. पहिल्या दोन वाक्यांतच 'पण तू पण' सुरू होतं. 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द निदान त्या अर्ध्या तासापुरते उंबऱ्याबाहेर ठेवा. लग्नाच्या वेळी जो स्वभाव आवडला तोच पुढे खुपतो, हेही बेकनी दाखवून दिलं आहे. 'किती मोकळा आहे' असं ज्याच्याबद्दल वाटलं, तो पाच वर्षांनी 'बेजबाबदार' होतो. माणूस तोच असतो.

तुम्ही म्हणाल, ताई, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, मध्ये साडीचा पडदा, तिथे कुठे बसून बोलायचं? खरं आहे. अमेरिकेतल्या पुस्तकात ही अडचण येत नाही. आमच्या भागातल्या काही जोडप्यांनी विहाराच्या पायऱ्या धरल्या, काहींनी रात्री जेवण झाल्यावर मेन रोडपर्यंत चालत जाणं धरलं. चालताना समोरासमोर बघावं लागत नाही, त्यामुळे पुरुष जरा बोलतात, हा माझा अनुभव.

बेकच्या घराबद्दलही एक सांगते. त्यांच्या पत्नी फिलिस यांनी चार मुलं असताना कायद्याचं शिक्षण घेतलं आणि त्या पेनसिल्व्हेनियाच्या वरिष्ठ न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. पंधरा वर्षं संसार करून दहावीचा फॉर्म भरणाऱ्या आपल्या बहिणींनी हे नवऱ्याला वाचून दाखवायला हरकत नाही.

पण एक गोष्ट ठासून सांगायची आहे. जिथे मारहाण आहे, गळा धरणं आहे, पैसे हिसकावणं आहे, तिथे 'दोघं बसून बोला' हा उपचार चालत नाही. मार खाणारी बाई मारणाऱ्याच्या शेजारी बसून मनातलं बोलूच शकत नाही, आणि बोलली तर घरी गेल्यावर त्याचे हिशेब होतात. तिथे आधी तिची सुरक्षितता. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे नंबर आहेत. दारूचंही तसंच. रोज पिणाऱ्याच्या व्यसनावर आधी इलाज, संवादाचे धडे नंतर. आणि आपल्या समाजाच्या बैठकीत चार वडीलधारे बसून सुनेला 'तू जरा ऐकून घेत जा' म्हणतात, त्याला समुपदेशन म्हणू नका. ते मिटवणं आहे. समुपदेशक कुणाचीही बाजू आधीच ठरवून बसत नाही.

दुसरे डॉक्टर स्टीव्ह पीटर्स. जन्म १९५३, इंग्लंडच्या मिडल्सबरोचा. आधी शाळेत गणिताचे मास्तर, मग डॉक्टर, मग सायकॅट्रिस्ट. गंभीर गुन्हे केलेल्या मनोरुग्णांना जिथे ठेवतात त्या रॅम्पटन रुग्णालयात त्यांनी काम केलं. २००१ पासून ते ब्रिटनच्या सायकल संघाबरोबर काम करू लागले. खुनाचा विचार डोक्यात घेऊन बसलेल्या माणसाबरोबर काम करणारा डॉक्टर खेळाडूला काय सांगणार, असं वाटेल. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता: मनात उसळलेली पहिली लाट आली तरी माणूस तिच्याबरोबर वाहून कसा जाणार नाही?

पीटर्सनी त्यासाठी एक सोपं चित्र वापरलं. तुमच्या आत एक माकड आहे, चिंपांझी. ते तुमच्याआधी घाबरतं, तुमच्याआधी चिडतं, आणि ताकदीनं तुमच्याहून मोठं आहे. त्याच्याशी कुस्ती करून जिंकता येत नाही, त्याला सांभाळायला शिकावं लागतं. २०१२ मध्ये त्यांचं यावरचं पुस्तक आलं आणि प्रचंड खपलं. मेंदूत खरंच माकडाची खोली आणि माणसाची खोली अशी वाटणी नसते. हे समजण्यापुरतं चित्र आहे, शरीरशास्त्र म्हणून पाठ करू नका. 'मी घाबरट आहे' याऐवजी 'माकड उठलंय' म्हटलं की माणूस स्वतःपासून हातभर लांब उभा राहून बघू शकतो, एवढा त्याचा उपयोग.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एक किलोमीटरच्या शर्यतीत स्कॉटलंडचा क्रिस हॉय सगळ्यात शेवटी उतरणार होता. या शर्यतीत एकेकटा स्वार घड्याळाविरुद्ध सायकल मारतो. पीटर्सनी त्याला आधीच विचारून ठेवलं होतं, तुझ्या आधी कुणी विक्रम मोडला तर काय करशील? हॉय म्हणाला, मी त्याचा विचारच करणार नाही. पीटर्सचं म्हणणं, हे चालणार नाही. विचार करायचा नाही म्हटलं की तोच येतो. त्या वेळी मनात काय आणायचं ते आजच ठरव. हॉयनं ठरवलं: आपली शर्यत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जशी मारायची तशी डोळ्यांपुढे आणायची. पुढे दिवसेंदिवस तेच केलं. अथेन्समध्ये तसंच घडलं. त्याच्या लगेच आधी फ्रान्सच्या तुर्नांनं १ मिनिट ०.८९६ सेकंद वेळ दिली आणि स्टेडियम दणाणलं. हॉय उतरला, १ मिनिट ०.७११ सेकंद. सुवर्णपदक. दोघांमध्ये सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा नव्हता.

२००८ च्या बीजिंगमध्ये ब्रिटनला सायकलिंगची आठ सुवर्णपदकं मिळाली. त्यांतलं एक व्हिक्टोरिया पेंडलटनचं, जिनं पीटर्सचं ऋण उघडपणे सांगितलं आहे. स्नूकरचा रॉनी ओ'सुलिव्हन त्यांच्याकडे गेला आणि २०१२, २०१३ असा लागोपाठ जगज्जेता झाला. हेच पीटर्स २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाला इंग्लंड संघाबरोबर होते आणि तो संघ एकही सामना न जिंकता पहिल्या फेरीतच घरी आला. म्हणजे मनाचा डॉक्टर जादूगार नसतो. गोल मारायला पायच लागतात.

आपल्या मुलांचं ऑलिंपिक म्हणजे भरतीचं ग्राउंड. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. सकाळी पाच वाजता हायवेच्या कडेला पळणारी ही मुलं सरावात छान वेळ देतात आणि नंबर लागतो त्या दिवशी दुसऱ्या फेरीतच कोसळतात. घरून निघताना वडिलांनी सांगितलेलं असतं, 'या वेळी झालं नाही तर तोंड दाखवू नको.' हे वाक्य पायात बेडी घालून पाठवण्यासारखं आहे, वडिलांनी कृपा करून बंद करावं. मुलांनी हॉयसारखं आधीच ठरवून ठेवावं: शेजारचा पहिल्याच फेरीत पुढे गेला तर मी काय करीन? चेस्ट नंबर उशिरा पुकारला आणि चार तास उन्हात बसावं लागलं तर? उत्तर कागदावर लिहा, सरावात तसं करून बघा. ग्राउंडवर छाती धडधडणं, हात गार पडणं, सारखी लघवीला लागणं हे ॲड्रिनॅलिन नावाच्या द्रवाचं काम आहे. शरीर पळायची तयारी करतंय, तुम्ही हरत नाही आहात. श्वास आत घ्याल त्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ घ्या, दहा वेळा.

सगळं मनावर ढकलू नका, हेही नर्स म्हणून सांगते. मूल पळताना फार लवकर दमत असेल, चक्कर येत असेल, हातपाय ठणकत असतील तर आधी हिमोग्लोबिन तपासा. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल आहे. त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ती न करता पोराला 'मनानं कच्चा' म्हणणं हा अन्याय आहे.

इथे एक प्रश्न उरतो, आणि तो खास आपला आहे. बेक म्हणतात, विचाराला पुरावा मागा. पण पुरावा सापडला तर? हॉस्टेलमधल्या मुलीला वाटतं, 'या मला वेगळं पाडतात', आणि त्या खरंच पाडत असतात. ग्राउंडवर आडनाव वाचून कुणी तोंड वाकडं करतं आणि ते खरंच केलेलं असतं. अशा वेळी एखादा समुपदेशक 'तू फार विचार करतेस' म्हणाला, तर त्याला आपलं जगणंच माहीत नाही. त्याला तसं सांगा, नाहीतर समुपदेशक बदला. मात्र बेकचीच रीत इथे नीट वापरली तर कामाला येते. त्यांनी माझी जात काढली, ही झालेली गोष्ट. तिची तक्रार करायची, साक्षीदार जमवायचे, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा त्यासाठीच आहे. 'म्हणून माझीच लायकी नाही' हा निकाल मात्र दुसऱ्यांनी आपल्या तोंडात घातलेला आहे, आणि त्याला कसलाही पुरावा नाही. तारीख-वार घालून तक्रार लिहिणाऱ्या मुलीला रात्री झोप लागते, कारण तिनं हे दोन कागद वेगळे केलेले असतात.

२००५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला बेक आणि दलाई लामा यांची जाहीर चर्चा झाली. बेक तेव्हा ८३ वर्षांचे होते. ते बौद्ध नव्हते, पण आपली पद्धत आणि बुद्धांची शिकवण यांत किती जवळीक आहे हे त्यांना जाणवलं होतं. दलाई लामांची परंपरा आणि आपली वाट वेगळी, तरी ही जवळीक आपल्याला नवीन वाटायला नको. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धांच्या शिकवणीचं पहिलं वैशिष्ट्य सांगितलं ते हेच, की सगळ्याच्या केंद्रस्थानी मन आहे. फक्त यावरून कुणी ध्यानाला बसून गोळ्या बंद करू नयेत. खोल उदासी, भास, आठवडाभर झोपच नाही, असं असेल तर औषध लागतं आणि ते डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायचं. बेक १ नोव्हेंबर २०२१ ला वारले, वयाची शंभरी ओलांडून.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. गर्दी इतकी, की डॉक्टर पाच मिनिटं देतील. म्हणून तिथेच विचारा, 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकॅट्रिक सोशल वर्कर आहेत का? आम्हाला दोघांना बोलायचं आहे.' बोलून करायचा उपचार बहुतेक वेळा तेच करतात आणि त्याची तारीख वेगळी मिळते. ती चुकवू नका; एका भेटीत काही होत नाही. घरातून निघता येत नसेल तर टेलिमानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फोन फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाला असेल तर त्याच क्षणी करा. आणि कुणी काही करून घेतलं तर पोलीस केसच्या भीतीनं दवाखान्यात उशीर करू नका, खोटंही सांगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानलं आहे, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक केलं आहे. काय प्यायलं, किती प्यायलं, किती वाजता, हे ड्युटीवरच्या नर्सला खरं सांगा, जमल्यास बाटली सोबत आणा. इलाज त्यावरच ठरतो.